हुकूम झाला, पुढे काय?

मुलुंडच्या बाईनं घटस्फोटाचा दावा लावला, की तिचं तारखेचं गाव ठरतं वांद्रे. कुर्ल्यापर्यंत गाडी, तिथून बस किंवा शेअर रिक्षा, मग वांद्रे-कुर्ला संकुलातलं कुटुंब न्यायालय. बोरिवली-दहिसरची बाई उलट्या दिशेनं त्याच दारात पोचते. अकराच्या पुकाऱ्याआधी हजर राहायचं तर सकाळचा डबा, मुलांची शाळा, पाण्याची वेळ सगळं आदल्या रात्रीच उरकावं लागतं. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा तारखेच्या दिवशी खाडा पडतो. बोर्डावर नंबर खाली असला की दुपार उलटते, आणि समोरचा वकील मुदत मागून निघून गेला की हातात पडते ती फक्त पुढची तारीख.

2011 च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 93 लाखांवर आणि शहर जिल्ह्याची सुमारे 31 लाख होती. या दोन्ही जिल्ह्यांतल्या संसारांचे वाद 1989 साली सुरू झालेल्या या एकाच कुटुंब न्यायालयात येतात. पण गोष्ट इथे संपत नाही. घरातल्या मारहाणीविरुद्धचा, 2005 च्या कायद्याखालचा अर्ज तिला जवळच्या दंडाधिकारी न्यायालयात करावा लागतो: अंधेरी, बोरिवली, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड, जिथे हद्द येईल तिथे. पोलिसांत सासरच्या छळाची, म्हणजे जुन्या 498अ ची (आता न्याय संहितेचं कलम 85), फिर्याद दिली असेल तर त्या खटल्याची फाईल आणखी वेगळी. संसार एक, खटले तीन. तारखाही तीन, आणि त्यातल्या दोन एकाच दिवशी आल्या तर कुठे गैरहजर राहायचं हे तिनंच ठरवायचं.

या देशात बायकांसाठी कायदे नाहीत, असं आज कुणाला म्हणता येणार नाही. कायदे आहेत, त्यांतले बरेचसे चांगले आहेत, आणि त्यातल्या एकेका कलमासाठी कुणी तरी रस्त्यावर उतरलेलं आहे. व्यवस्था बाईला फसवते ती कायदा झाल्यानंतर, आणि पुष्कळदा हुकूम तिच्या बाजूनं झाल्यानंतर. अर्जापासून हुकुमापर्यंत आणि हुकुमापासून वसुलीपर्यंतच्या या पट्ट्यात जे वकील आयुष्य घालवतात त्यांचं काम मथळ्यांत येत नाही. पुढच्या पानांतले लेख त्या पट्ट्याबद्दलचे आहेत. ते वाचण्याआधी इथवर आपण कसे आलो, हे सांगणं गरजेचं आहे.

सुरुवात मुंबईतच होते. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, 1884 साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिल्या फेरीत न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात तो निकाल उलटला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. रखमाबाईंच्या धैर्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांच्याविरुद्ध जे हत्यार वापरलं गेलं ते मात्र अजून कायद्यात आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 9, म्हणजे वैवाहिक हक्क पुनःस्थापनेचा दावा. 1983 साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं. बायकोनं पोटगी मागितली की नवऱ्याकडून कलम 9 चा अर्ज येतो: मी तर तिला नांदवायला तयार आहे, तीच येत नाही. तिथे हुकूम नवऱ्याच्या बाजूनं झाला आणि तरीही ती गेली नाही, म्हणून तिची पोटगी आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. रखमाबाईंच्या निकालाला तेव्हा 137 वर्षं होऊन गेली होती.

दुसरा टप्पा देसाईगंजचा. मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावात, पोलीस ठाण्याच्या आवारात, एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. मुलीच्या नावावरून ओळखलं जाणारं हे मथुरा प्रकरण. सप्टेंबर 1979 मध्ये वसुधा धागमवार, लोतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पोलीस ठाण्यात, रात्री, दोन वर्दीवाल्यांसमोर गप्प राहिलेली मुलगी म्हणजे संमती दिलेली मुलगी नव्हे, हे सांगायला देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांना पत्र लिहावं लागलं. त्या पत्रानं मुंबईत ठिणगी पडली. 1980 च्या आरंभी बलात्काराविरुद्ध फोरम उभा राहिला, मोर्चे निघाले, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असं बाईनं सांगितलं तर न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं, हे तत्त्व तेव्हा आलं. पीडितेचं नाव छापू नये ही तरतूदही तेव्हाचीच, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला 498अ.

त्या चळवळीत फ्लेविया अ‍ॅग्नेस होत्या. वर्षानुवर्षं नवऱ्याची मारहाण सोसून बाहेर पडलेल्या, मुलांची आई असलेल्या या बाईनं आधी आपली कहाणी लिहून काढली आणि मग कायदा शिकून 1988 मध्ये वकिली सुरू केली. पुढे त्यांनी मधुश्री दत्ता यांच्यासह ‘मजलिस’ ही संस्था स्थापन केली. तिचं कायदा केंद्र सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्यात. 1992 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त अ‍ॅग्नेस यांनी आधीच्या दशकातल्या कायद्यांचा हिशेब मांडला. प्रत्येक आंदोलनानंतर सरकारनं एक कायदा दिला, शिक्षा वाढवली, आणि बाईच्या हातात प्रत्यक्ष फार थोडं पडलं, असं त्या दाखवत होत्या. ज्या चळवळीनं ते कायदे मिळवले तिच्यातल्याच बाईनं हे लिहावं, याला फार मोठी हिंमत लागते. या सगळ्या लेखसंग्रहामागे तोच प्रश्न उभा आहे: बाईच्या हातात प्रत्यक्ष काय पडलं?

घराचंच बघा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 रोजी लागू झाला. त्याच्या मसुद्यामागे इंदिरा जयसिंग आणि त्यांच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ची अनेक वर्षांची मेहनत होती. याच जयसिंगबाई 1986 साली मुंबई उच्च न्यायालयानं ज्येष्ठ वकील म्हणून नेमलेल्या पहिल्या महिला. या कायद्याचा कणा होता राहण्याचा हक्क: घर कुणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती नांदली तिथून तिला हाकलता येणार नाही. दोन महिनेही झाले नव्हते, तोच 15 डिसेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बत्रा प्रकरणात सांगितलं, की घर सासूच्या मालकीचं असेल तर सुनेला त्यात राहण्याचा हक्क नाही.

उपनगरांतल्या घरांची कागदपत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या एका वाक्यानं काय झालं ते लगेच कळेल. भांडुपच्या चाळीतली खोली सासऱ्याच्या नावावर. घाटकोपरच्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सासूच्या नावावर. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या घरासाठी पात्र ठरलेलं नाव थोरल्या दिराचं. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट असणारी घरं किती? बत्रा प्रकरणातला हा निकाल 15 ऑक्टोबर 2020 रोजी आहुजा प्रकरणात चुकीचा ठरवला गेला. मधली चौदा वर्षं ज्यांना बाहेर काढलं गेलं त्यांच्यासाठी कुणी मागे वळून काही केलं नाही. निकाल बदलला तरी वाट मोकळी झाली असंही नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सासू-सासऱ्यांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज करून सुनेला घराबाहेर काढायचं, हा दुसरा रस्ता सापडला होता. म्हाताऱ्यांना संरक्षण हवंच, आणि छळ होणाऱ्या आईवडिलांची उदाहरणंही खरी आहेत. पण सुनेचा हक्क मोडायला हा कायदा वापरता येणार नाही, हे सांगायला पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचाच निकाल लागला, डिसेंबर 2020 मध्ये. आता पुनर्विकासाचा प्रश्न आहे. इमारत पाडायला निघाली की विकासकाकडून येणारं भाडं ज्याच्या नावावर जागा त्याच्या खात्यात जातं. जिच्या हातात त्याच जागेत राहण्याचा हुकूम आहे ती बाई पावसाळ्यात कुठे राहणार, याचं उत्तर तिच्या वकिलाला नव्यानं अर्ज करून मागावं लागतं.

याच कायद्यात लिहिलं आहे, की अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. ज्याला ही कलमं पाठ आहेत आणि ज्यानं बोरिवलीच्या किंवा अंधेरीच्या न्यायालयात एक दिवस बसून पाहिलं आहे, त्याला या दोहोंतलं अंतर वेगळं सांगावं लागत नाही. नवऱ्यानं पत्ता बदलला म्हणून समन्स परत येतं. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल आलेला नसतो. न्यायाधीशांची बदली होते.

पोटगीच्या बाबतीत तर कायद्याचा आकडाच अनेक वर्षं अपमानास्पद होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये महिन्याला पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती, आणि ती केंद्रानं काढली 2001 मध्ये. आज हेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 या क्रमांकानं आहे. नागपूरच्या एका जोडप्याच्या खटल्यानं या विषयाला नवं वळण दिलं. पत्नीनं 2013 मध्ये अर्ज केला. 2015 मध्ये कुटुंब न्यायालयानं तिला महिन्याला 15 हजार रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली, आणि मुलासाठी वेगळी रक्कम. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हाही थकबाकी होतीच. 4 नोव्हेंबर 2020 च्या या निकालात, रजनेश विरुद्ध नेहा, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी देशभरासाठी नियम घालून दिले: दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. कागदावर हा मोठा विजय आहे. ‘नवऱ्याला काहीच मिळकत नाही’ या जुन्या बचावाला त्यानं वेसण घातली.

तरी प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणाऱ्याला कोण शोधणार? धंदा भावाच्या नावावर, गाडी मेहुण्याच्या नावावर, पगाराचा अर्धा भाग रोखीत. हे सिद्ध करायचं ओझं शेवटी बाईवर आणि तिच्या वकिलावरच येतं. थकबाकी वसूल करायची तर वेगळा अर्ज, मग जप्तीचं वॉरंट, ते बजावायला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. शिवाय कलमातच अट आहे, की रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. ही अट माहीत नसल्यामुळे जिच्या हातचे महिने निसटले, तिची चूक एवढीच की तिला ते कुणी सांगितलं नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क आपल्याला आहे हे ज्या बायकांना ठाऊक नाही, त्यांच्यापर्यंत तो कुणी तरी पायी चालत पोचवावा लागतो.

फौजदारी खटल्यांत बाईची जागा आणखी चमत्कारिक. खटला सरकारचा, ती साक्षीदार. तिच्या वकिलानं सरकारी वकिलाला मदत करायची, परवानगी मिळाली तर लेखी युक्तिवाद द्यायचा. साक्षीदारांना प्रश्न विचारायचे नाहीत, तोंडी युक्तिवाद करायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये पुन्हा एकदा ठरवून दिलं. ‘मजलिस’नं 2011 पासून ‘राहत’ या उपक्रमातून जे काम केलं ते याच बंधनात राहून: पीडितेला खटल्याची भाषा समजावून सांगणं, साक्षीच्या दिवशी सोबत जाणं, उलटतपासणी म्हणजे काय असते याची आधी कल्पना देणं. ज्या मुलीला न्यायालयाची खोली पहिल्यांदा साक्षीच्याच दिवशी दिसते, तिच्याकडून ठाम उत्तरांची अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे.

न्यायालयाच्याही आधी रुग्णालय येतं. वाकोल्यातल्या ‘सेहत’ या संशोधन संस्थेनं महापालिकेसोबत 2000 मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र उघडलं. पडून लागलं असं सांगत येणाऱ्या बाईला मारहाण झाली आहे का, हे डॉक्टर-परिचारिकांनी विचारावं, यासाठी. 2008 पासून घाटकोपरचं राजावाडी रुग्णालय, ओशिवरा प्रसूतिगृह आणि वांद्र्याचं भाभा या तीन ठिकाणी लैंगिक अत्याचारानंतरच्या तपासणीची नवी पद्धत त्यांनी बसवली. संमती घेऊन, उपचार आधी, पुरावा नंतर. त्या काळी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्रास होत होती. बाईच्या पूर्वायुष्याबद्दल शेरा मारण्यापलीकडे तिचा काही उपयोग नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये तिचा निषेध केला, 2014 मध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आल्या, आणि 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

उपनगरातले दोन खटले शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. सप्टेंबर 2021 मध्ये साकीनाक्याला एका बाईवर टेम्पोत अमानुष अत्याचार झाला, आणि दुसऱ्या दिवशी राजावाडी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. पोलिसांनी 18 दिवसांत आरोपपत्र दाखल केलं आणि जून 2022 मध्ये दिंडोशी सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. मनात आणलं तर यंत्रणा किती वेगानं हलते, हे यातून दिसतं. दुसरा खटला जानेवारी 2014 चा. लोकमान्य टिळक टर्मिनसवर पहाटे उतरलेल्या 23 वर्षांच्या अभियंता तरुणीचा मृतदेह काही दिवसांनी कांजूरमार्ग-भांडुप परिसरात सापडला. 2015 मध्ये आरोपीला फाशी, 2018 मध्ये उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, आणि 28 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटका. स्टेशनवरच्या सीसीटीव्ही चित्रणासोबत पुरावा कायद्याच्या 65ब कलमाखालचं प्रमाणपत्रच नव्हतं, कबुलीजबाबावर विसंबता येत नव्हतं. फाशीची मागणी करणारा आवाज त्या काळात सगळीकडे होता. प्रमाणपत्राचा कागद जोडला आहे का, हे विचारणारं कुणी नव्हतं. अकरा वर्षांनी एका कुटुंबाकडे निकाल आला आणि उत्तर आलं नाही. आरोपी निर्दोष असेल तर त्याची फाशीच्या छायेतली वर्षंही त्याच निष्काळजीपणात गेली.

आणि मिळालेलं टिकवायलाही लढावं लागतं. जुलै 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 498अ चा गैरवापर होतो असं म्हणत, प्रत्येक तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवावी आणि तिचा अहवाल येईपर्यंत अटक करू नये, असा आदेश दिला. त्याविरुद्ध अहमदनगर, आजच्या अहिल्यानगरमधून ‘न्यायाधार’ ही महिला वकिलांची संस्था दिल्लीला गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या बायकांनी सर्वोच्च न्यायालयाला त्याचाच निकाल पुन्हा तपासायला लावला, आणि सप्टेंबर 2018 मध्ये त्या समित्यांचा भाग रद्द झाला. महाराष्ट्रानं या गोष्टीचं जितकं कौतुक करायला हवं होतं तितकं केलेलं नाही. जुलै 2025 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या अटकेआधी दोन महिने थांबायला लावणाऱ्या मार्गदर्शक सूचना उचलून धरल्या गेल्या, आणि समित्या मागच्या दारानं परत आल्या.

जे वकील हे सगळं लढतात त्यांच्यातल्या बायकांना व्यवस्था कशी वागवते? ऑक्टोबर 2022 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात एक नोटीस लागली: महिला वकिलांनी भर न्यायालयात केस सावरू नयेत, कामकाजात व्यत्यय येतो. आरडाओरड झाल्यावर ती काढली गेली. यापेक्षा गंभीर गोष्ट जुलै 2025 ची. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ज्या विशाखा निकालातून आला, तो 1997 मध्ये देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. त्याच उच्च न्यायालयानं आता ठरवलं, की वकिलानं वकिलाचा छळ केला तर हा कायदा लागू होत नाही, कारण बार कौन्सिल ही वकिलांची मालक नव्हे. तक्रार अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली, गैरवर्तन म्हणून, बार कौन्सिलकडेच करायची. ज्या ज्युनियरनं दिवसभर इतर बायकांचे छळाचे अर्ज लिहिले, तिच्या स्वतःच्या अर्जाला अंतर्गत समिती नाही.

म्हणून बार कौन्सिलमध्ये कोण बसतं हा प्रश्न पदांच्या मानापमानाचा नाही. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, ज्या राज्य परिषदांच्या निवडणुकांची प्रक्रिया सुरू झालेली नव्हती तिथे, महिलांसाठी 30 टक्के जागांचा आदेश दिला: 20 टक्के निवडून, 10 टक्के स्वीकृत. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा मतदारसंघ दोन्ही राज्यांत, शिवाय दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवपर्यंत पसरलेला आहे. मुलुंडच्या किंवा दिंडोशीच्या बाररूममधल्या बाईला तिथे निवडून यायचं तर अशिलांच्या तारखा सांभाळून गडचिरोलीपासून पणजीपर्यंतच्या वकिलांकडे मतं मागावी लागतात. निवडून आल्यावर तिला शिस्तपालन समितीत जागा मिळते की समारंभांच्या समितीत, हे मात्र आदेशात लिहिलेलं नाही.